पाढे आणि बेरजा, रडारड न होता: घरी सराव घेणाऱ्यांसाठी

दहापर्यंतच्या पाढ्यांच्या तक्त्यात शंभर चौकोन असतात. दुसरी-तिसरीतल्या मुलाला ते शंभर सुटे तुकडे वाटतात, आणि शंभर सुटे तुकडे पाठ करायचे म्हटल्यावर मोठं माणूसही हात टेकेल. पण क्रम नीट लावला तर खास लक्षात ठेवाव्या लागतील अशा जोड्या त्यात फक्त दहा उरतात. बाकीच्या सगळ्या मुलाला आधीच येत असलेल्या गोष्टींतून निघतात. घरातला ताण बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे येतो: बेरीज पक्की नसताना पाढे, पाढ्यांचा अर्थ कळायच्या आत तोंडी परीक्षा, आणि त्यावर घड्याळ.

हा लेख साधारण पहिली ते चौथीच्या मुलांच्या घरच्यांसाठी आहे. मूल कोणत्याही इयत्तेत असलं तरी सुरुवात पहिल्या पायरीपासूनच करा. पुढच्या मुलाला त्या पायऱ्या दोन दिवसांत चढता येतील, एवढाच फरक.

हाताशी काय ठेवायचं

पन्नासेक चिंचोके किंवा राजम्याचे दाणे, दोन वाट्या, आणि जुन्या लग्नपत्रिकांची कोरी मागची बाजू. एका पत्रिकेवर पाच-पाच घरांच्या दोन ओळी आखा, म्हणजे दहा घरांची चौकट झाली. घर एवढं मोठं असू दे की त्यात एक चिंचोका सुटसुटीत बसेल. अशा दोन चौकटी लागतील. उरलेल्या पत्रिकांची पत्त्यांएवढी कार्डं कापून ठेवा.

वेळ रोज पाच ते सात मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. रविवारी बसून तासभर केलेला सराव याच्या पासंगालाही पुरत नाही, कारण आठवण पक्की होते ती थोडं विसरून पुन्हा आठवल्यावर. शाळेतून आल्या आल्या, भुकेच्या वेळी किंवा झोपेच्या आधी हे करू नका. मूल कंटाळायच्या आधी, दोन कार्डं शिल्लक असतानाच थांबा.

मूल नेमकं कुठे आहे ते पाहा

वाटीखाली सात चिंचोके मुलासमोर मोजून झाका. बाहेर तीन ठेवा आणि विचारा, "वाटीखाली सात आहेत, बाहेर हे तीन, सगळे मिळून किती?" उत्तरापेक्षा ते कसं काढलं याकडे लक्ष द्या.

वाटी उचलून एकापासून सगळे मोजले, तर सात ही संख्या मुलाच्या मनात अजून गठ्ठा म्हणून बसलेली नाही. अशा मुलाला फासे टाकायला द्या, दाण्यांची मूठ उघडून क्षणात मिटा आणि किती दिसले ते विचारा. पाचपर्यंत न मोजता सांगता आलं की पुढे जा. "आठ, नऊ, दहा" असं पुढे मोजलं तर छान, पायरी दोन झाली. मोजलंच नाही आणि दहा म्हणालं, तर ही बेरीज त्याला येते.

उत्तर नऊ आलं तर मात्र जरा थांबा. ही चूक निष्काळजीपणाची नसते. मूल "सात, आठ, नऊ" असं मोजतं, म्हणजे सुरुवातीचा सात पुन्हा एकदा धरतं. अशा मुलाची बहुतेक उत्तरं एकाने कमी येतात आणि घरचे "लक्ष कुठे आहे?" म्हणून रागावतात. उपाय सोपा आहे. वाटीवर हात ठेवून "सात" म्हणायचं, मग हात उचलून बाहेरच्या पहिल्या दाण्यावर बोट ठेवत "आठ". चार-पाच दिवसांत सवय सुटते.

बोटं मोजू नको, असं म्हणू नका. बोटं ही मुलाची पहिली पाटी आहे. उत्तर आठवू लागलं की बोटं आपोआप खाली येतात. जबरदस्तीने थांबवली तर मूल तीच बोटं टेबलाखाली मोजतं, आणि त्यात लपवाछपवीची भीती मिसळते.

मराठी संख्यानामांचा खास अडथळा

गणिताची चूक म्हणून जे दिसतं, ते बरेचदा शब्दाचं ओझं असतं. पंचवीस म्हणताना आधी पाच ऐकू येतं, मग वीस. लिहिताना मात्र दोन आधी. म्हणून मूल पंचवीसला ५२ लिहितं. एकोणतीस म्हणताना तीस ऐकू येतं, म्हणून ३९ लिहिलं जातं. बहात्तरमध्ये सत्तर कुठे दिसतच नाही, आणि त्रेपन्न, त्रेसष्ट, त्र्याहत्तर, त्र्याऐंशी, त्र्याण्णव ही नावं तर कानाला सख्खी भावंडं वाटतात. सात सक बेचाळीस बरोबर म्हणून वहीत २४ लिहिणाऱ्या मुलाला पाढा येतो. त्याची अडचण बेचाळीस या शब्दात आहे.

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ साली 'वीस एक', 'नव्वद तीन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा बरीच चर्चा झाली होती. वादाचा भाग बाजूला ठेवला तरी घरी शिकवताना ही पद्धत फार उपयोगी पडते. मुलाला दोन्ही म्हणू द्या: "चाळीस दोन, म्हणजे बेचाळीस." आधी सुटं, मग जोडलेलं नाव. जोडलेली नावं टाकायची नाहीत, बाजारात आणि आजीशी बोलताना तीच लागणार आहेत. फक्त लिहिण्याआधी मनात सुटं नाव यायला हवं.

एकोणीस ते एकोणऐंशी या नावांसाठी एकच वाक्य पुरतं: एकोण म्हणजे एक उणा. एकोणतीस, तीसला एक उणा. ८९ ला एकोणनव्वद म्हणतात, पण ९९ ला नव्याण्णव, हा अपवाद तसाच सांगून टाका.

सेमी-इंग्रजीच्या मुलांना आणखी एक घोळ असतो. आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि आपला ४ इंग्रजी आठसारखा. शाळेत पाढे इंग्रजीत आणि घरी मराठीत असतील तर सुरुवातीचे दोन-तीन महिने सराव एकाच भाषेत घ्या, शक्यतो जिच्यात शाळेची परीक्षा आहे तिच्यात. एक पक्की झाली की दुसरी फार वेळ घेत नाही.

बेरीज: दहाच्या जोड्या, दुप्पट, मग दहाचा टप्पा

दहा घरांच्या चौकटीत सात चिंचोके ठेवा. वरची ओळ भरलेली, खाली दोन. किती घरं रिकामी? तीन. मूल न मोजता पाहू लागतं, कारण पाचाची ओळ डोळ्यात बसते. दहा व्हायला किती हवेत, हा एकच खेळ आठवडाभर खेळा: १ आणि ९, २ आणि ८, ३ आणि ७, ४ आणि ६, ५ आणि ५. जोड्या पाचच. पत्त्यांतून एक्का ते नश्शी वेगळे काढून दहा होणाऱ्या जोड्या जमवायचा डाव मांडला तर मूल स्वतःच "अजून एक डाव" म्हणतं.

मग दुप्पट: ३ आणि ३, ४ आणि ४, असं ९ आणि ९ पर्यंत. मुलांना दुप्पट लवकर येते. तिच्यातून शेजारच्या बेरजा निघतात. ६ + ७ म्हणजे सहाची दुप्पट बारा आणि वर एक.

यानंतरची पायरी सगळ्यात मोलाची आहे, तिला घाई करू नका. ८ + ५ घ्या. एका चौकटीत आठ, दुसरीत पाच. आठला दहा व्हायला दोन हवेत, ते पाचातून उचलून पहिल्या चौकटीत ठेवायचे. पहिली भरली, दुसरीत तीन उरले. तेरा. दाणे प्रत्यक्ष सरकवणं महत्त्वाचं. आठवडाभर सरकवल्यावर चौकट समोर ठेवून पण दाण्यांविना विचारा, मग चौकटही काढून घ्या. नऊच्या बेरजांपासून सुरुवात करा, कारण तिथे एकच दाणा सरकवावा लागतो. हातच्याची बेरीज ज्या मुलांना जड जाते, त्यांची हीच पायरी बहुधा राहून गेलेली असते.

वजाबाकी वेगळी पाठ करून घेऊ नका. १३ − ८ ला उलटं मोजत येणं मुलांना कठीण जातं आणि तिथेही एकाने चूक होते. त्याऐवजी "आठमध्ये किती मिळवले की तेरा?" असं विचारा. आठवरून दहापर्यंत दोन, दहावरून तेरापर्यंत तीन, म्हणून पाच. त्रिकोणी कार्डाच्या तीन कोपऱ्यांत ८, ५, १३ लिहा आणि एक कोपरा अंगठ्याने झाका. एका कार्डात दोन बेरजा आणि दोन वजाबाक्या होतात.

गुणाकाराचा अर्थ: रांगोळीचे ठिपके

पाढा म्हणायच्या आधी मुलाच्या डोळ्यांसमोर चित्र हवं. ठिपक्यांच्या रांगोळीसारखं दुसरं चांगलं साधन शोधून सापडणार नाही. चार ओळी, प्रत्येक ओळीत सहा ठिपके. मोजून चोवीस. आता मुलाला उठवून कडेला नेऊन बसवा. तिथून त्याला सहा ओळी दिसतात, प्रत्येकीत चार. ठिपके तेच. म्हणजे ४ × ६ आणि ६ × ४ एकच. हे मुलाने जागा बदलून स्वतः पाहिलं की तक्त्यातलं जवळजवळ निम्मं काम संपतं. घरात अंड्यांचा तीसचा ट्रे येत असेल तर त्यात पाच आणि सहाची मांडणी तयारच मिळते. सातच्या पाढ्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर: पहिला शनिवार ७ तारखेला आला असेल अशा महिन्यात शनिवारचा रकाना म्हणजे ७, १४, २१, २८.

आता तक्ता घ्या. एक ते दहा आडवे, एक ते दहा उभे, उत्तरांसकट. मुलाच्या हातात रंगीत खडू द्या. जे येतं ते रंगवायचं, या क्रमाने:

१. एक आणि दहाची ओळ व रकाना. यात शिकायचं असं काही नाही.
२. दोन. दुप्पट आधीच झाली आहे.
३. पाच. दहाच्या निम्मे. घड्याळाचा मिनिटकाटा इथे कामी येतो.
४. नऊ. दहा पटीतून एक पट काढायची. ९ × ७ म्हणजे ७० − ७, ६३. बोटं मिटून नऊचा पाढा काढण्याची युक्ती मुलांना आवडते, पण ती यानंतर दाखवा. आधी दाखवली तर कारण कळायचं राहून जातं.
५. तिरपी कर्णरेषा: ३ × ३, ४ × ४, ६ × ६, ७ × ७, ८ × ८. चौरस रांगोळ्या.

आता तक्त्यात वीस चौकोन पांढरे दिसतील. कर्णरेषेवर घडी घातली की वीसचे दहा होतात. ३ × ४, ३ × ६, ३ × ७, ३ × ८, ४ × ६, ४ × ७, ४ × ८, ६ × ७, ६ × ८, ७ × ८. मुलाला हे मोजू द्या. "एवढेच?" हा प्रश्न त्याच्या तोंडून आला पाहिजे, तुमच्या नाही.

यांनाही आधार आहेत. तीनपट म्हणजे दुप्पट आणि एक पट: ३ × ८ म्हणजे १६ आणि ८. चारपट म्हणजे दुप्पटीची दुप्पट: ७, १४, २८. सहापट म्हणजे पाचपट आणि एक पट: ६ × ७ म्हणजे ३५ आणि ७, बेचाळीस. ७ × ८ साठी अंक ओळीने येतात, पाच-सहा-सात-आठ, ५६ = ७ × ८. आठवड्याला दोन जोड्या घेतल्या तर पाच आठवडे लागतात. त्याहून वेगाने जाऊ नका. विशेषतः ६ × ८ आणि ७ × ८ एकाच आठवड्यात घेऊ नका. ४८, ५४ आणि ५६ एकमेकांत मिसळतात ती बहुधा याच घाईमुळे.

एके, दुणे, त्रिक, चोक

पाढे म्हणण्याची लय ही मराठी मुलांची मोठी कमाई आहे, ती सोडू नका. अडचण इतकीच की त्रिक म्हणजे तीन, चोक म्हणजे चार, सक म्हणजे सहा हे मुलाला कोणी सांगितलेलंच नसतं. "सात सक?" विचारलं की उत्तर येतं, "सात गुणिले सहा?" विचारलं की मूल गप्प. एका पत्रिकेवर दहाही शब्द आणि त्यांसमोर अंक लिहून पाढे म्हणायच्या जागी चिकटवा. साती, सत्ते, आठी, अठ्ठे, असे फरक घरोघरी असतात. तुमच्या घरात जे म्हणतात तेच लिहा.

दुसरी अडचण शिडीची. सात आठे किती म्हटलं की मूल "सात एके सात"पासून चढायला लागतं. ते रागावून थांबत नाही. पाढा उलटा म्हणून घ्या, दाहेपासून एकेपर्यंत. मधूनच पंचेपासून सुरू करायला सांगा. सात पंचे पस्तीस हा मधला थांबा पक्का असला की सात सक आणि सात साती दोन पावलांवर येतात.

संध्याकाळी दिवेलागणीला परवचा म्हणण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. आजी-आजोबांनी मुलाबरोबर, एका सुरात पाढे म्हणावेत. परवचा म्हणजे परीक्षा नाही, सगळ्यांनी मिळून म्हणायची गोष्ट. तिसापर्यंतचे पाढे, पावकी, दिडकी, अडीचकी (म्हणजे पाव, दीड, अडीच यांचे पाढे) हे त्यांचं धन आहे आणि दीड किलो भाजीचा हिशेब करताना ते आजही उपयोगी पडतं. पण दहापर्यंतचं पक्कं होईपर्यंत त्याची सक्ती नको. अकरा ते एकोणीसच्या पाढ्यांना मुलाने आधी फोड करायला शिकावं: १४ × ६ म्हणजे ६० आणि २४, चौऱ्याऐंशी.

कार्डं आणि तीन पाकिटं

एका बाजूला ६ × ७, मागे ४२. एका वेळी दहा कार्डं: आठ चांगली येणारी, दोन नवी. प्रमाण उलटं झालं की मूल हरत राहतं आणि दुसऱ्या दिवशी बसायला येत नाही.

पहिलं पाकीट रोजचं, दुसरं दिवसाआडचं, तिसरं आठवड्याचं. न मोजता, साधारण तीन सेकंदांत उत्तर तीन दिवस ओळीने आलं की कार्ड पुढच्या पाकिटात. चुकलं की ते पहिल्या पाकिटात परत. तीन सेकंद तुम्ही मनात मोजा. घड्याळ, टायमर, मोबाइलवरची उलटी गिनती मुलासमोर नको. उत्तर शोधताना मनात ज्या जागेत आकडे धरायचे, तीच जागा भीतीने भरते, आणि कालपर्यंत येत असलेलं आज येत नाही. भावंडांची आपसात शर्यत लावणंही म्हणूनच टाळा. लहान बहीण आधी उत्तर देते त्या घरात मोठा भाऊ गणितापासून दूर जातो.

चूक झाली तर "पुन्हा विचार कर" म्हणत ताटकळत ठेवू नका. चुकीचं उत्तर जितका वेळ तोंडात राहतं तितकं मुरतं. ६ × ८ अडलं तर आधार द्या, "आठ पंचे चाळीस, आता आठ मिळव." तरी नाही आलं तर सांगून टाका, "अठ्ठेचाळीस", आणि तीन कार्डांनंतर तेच कार्ड पुन्हा काढा. बरोबर आलं तर "हुशार!"पेक्षा "कसं काढलंस?" विचारा. बरोबर उत्तरालाही हा प्रश्न नेहमी विचारायचा, नाहीतर मुलं त्याचा अर्थ "चुकलं" असा घेतात. "एवढं सोपं येत नाही?" हे वाक्य मात्र घरातून कायमचं हद्दपार करा. ज्याला ते येत नाही त्याला ते सोपं नसतंच.

मूल डोळे चोळायला लागलं, अंदाजाने काहीही बोलायला लागलं, किंवा पोटात दुखतंय म्हणालं, तर त्या दिवशीचा सराव तिथेच बंद. दुसऱ्या दिवशी दहाही कार्डं येणारीच घ्या.

वेगळी मदत केव्हा घ्यावी

चार-पाच महिने असा सराव नियमित होऊनही तिसरी-चौथीतल्या मुलाला पाच दाणे एकापासून मोजावे लागत असतील, ३८ आणि ८३ मधला मोठा कोणता ते ठरवता येत नसेल, काल पक्कं झालेलं रोज पुसलं जात असेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग वर्गशिक्षकांशी बोलून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. डिसकॅल्क्युलिया, म्हणजे आकड्यांच्या आकलनातली अडचण, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेत धरलेली आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर परीक्षेत सवलती मिळतात. यात आळस किंवा हट्ट नसतो, आणि ते लवकर कळलं तर मुलाची कित्येक वर्षांची बोलणी वाचतात.

सुट्टीत

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत नवं काही घेऊ नका. फक्त तिसरं पाकीट, आठवड्यातून दोनदा, प्रवासात किंवा गच्चीवर पत्ते खेळून झाल्यावर. तेवढंही जमलं नाही तरी बिघडत नाही. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात सगळी कार्डं एकदा चाळा. अडलेली दहा-बारा निघतील. ती पहिल्या पाकिटात टाका आणि दुसऱ्या आठवड्यापासून नेहमीसारखे आठ जुनी, दोन नवी सुरू करा.